'सागरमंगल'वरचा माणूस

सन्माननीय अध्यक्ष दिग्विजयबापू, 'सागरमंगल' जहाजाचा सेवा-इतिहास लिहिणारे प्राध्यापक नारायणराव, व्यासपीठावरचे मान्यवर आणि माण तालुक्यातनं विश्रामबागेपर्यंत एसटीत उभ्यानं आलेल्या माझ्या माणसांनो,

या नाथाजीला आपण शाल दिली, स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर तोफांचं जहाज आहे. वा! आमच्या जहाजावर तोफ कुठली हो? महायुद्धात ते नौदलाचं पीठ-बटाटे वाहायला बांधलेलं. पुढं एका व्यापाऱ्यानं घेतलं, आत कठडे ठोकले आणि आखाताला मेंढरं न्यायला लागला. नारायणरावांच्या पुस्तिकेत युद्धाला चाळीस पानं, मेंढरांना अर्धं. लेंड्यांचा वास पुस्तिकेला लागू नये, ही काळजी विद्वानांनी घ्यायलाच पाहिजे म्हणा!

मी आणि माझा जोडीदार गुंडा त्या मेंढरांबरोबर राखणीला जात होतो. अठ्ठ्याहत्तर साली भर समुद्रात तळातले पंखे बंद पडले. हवा कोंदली. खलाशी काठ्या घेऊन मेंढरं वर हाकायला लागले. अनोळखी अंधारात मेंढरू मागनं हाकून चढतंय व्हय? त्याच्या म्होरं माणूस चालावा लागतो. कप्तानाला एवढंही ठाऊक नव्हतं.

गुंडा म्हणाला, "नाथा, तू वर धर, मी म्होरं चालतो." दोन खेपा केल्या त्यानं. निम्म्याच्या वर मेंढरं वाचली. मी म्हणालो, "बास कर गड्या." तर म्हणतो, "आजून खाली वरडत्यात रं." तिसऱ्या खेपेला तो वर आलाच नाही.

आता पान बेचाळीस उघडा. 'संपूर्ण सेवाकाळात जीवितहानी नाही.' मी विचारलं, तर नारायणराव म्हणाले, खलाशांच्या यादीत गुंडाचं नाव नाही. कसं असेल? तो मेंढरांबरोबर आलेला. मग काय, तो जीव नव्हता? मला याचा संताप येतो, बापू, आणि तो मी लपवणार नाही.

मागच्या रांगेत धोंडुबाई बसल्यात. गुंडाची बायको. त्यांना तुमचं आमंत्रण नव्हतं, मी आणलंय. वहिनी, उठा. ही शाल तुमची. तुमी म्होरं चला, मी मागनं येतो.

बाकी चहा-उप्पीट झकास होतं, समितीचा आभारी आहे. अडाणी माणूस, काही वेडंवाकडं बोललो असेन तर पोटात घाला. पान बेचाळीसची माफी मात्र माझ्याकडं मागू नका. ती वहिनींकडं मागा, त्या येतायत.