तीनदा वाजलेला शंख

लितिआना : हसू नकोस, आपेनिसा. हसलास तर सरदारांना द्यायची ही यंगोनाच्या मुळांची जुडी तुझ्याच डोक्यात घालीन. सगळं गाव छाती बडवत किनाऱ्यावर आलं, आणि सरदार स्वतः, धडधाकट, हातात अर्धं खाल्लेलं निरफणस घेऊन विचारतायत, "अरे, गेलं कोण?"

आपेनिसा : मी कुठे हसतोय? गर्दी बघून मी बोट बांधली नि इथे शेडमध्ये पळालो. पण निरफणस खरंच हातात होतं?

लितिआना : खरंच. म्हातारी लोसालीनी त्यांच्या तोंडाकडे बघत रडत होती. ते म्हणाले, "बाई, मी जिवंत आहे." ती म्हणाली, "असाल, पण आता सुरू केलंय तर पुरं रडू द्या."

आपेनिसा : देवा रे! आणि मग?

लितिआना : मग काय, मला बोलावणं. म्हणाले, "शंख तीनदा वाजला की सरदार गेला, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवस मावळायच्या आत आपेनिसाला यंगोना देऊन माफी मागायला घेऊन ये. कारण पटलं तर ठीक. नाही पटलं तर त्या नव्या विजेच्या बोटीची किल्ली तू घे, आणि उद्यापासून शाळेची पोरं तूच पलीकडे ने."

आपेनिसा : तू?

लितिआना : का रे? राजधानीतनं, सुवाहून, माणसं तीन दिवस ही बोट शिकवायला आली होती, तेव्हा तू मागच्या चटईवर घोरत होतास. शिकले ते मी.

आपेनिसा : घोरत नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो. तीस वर्षं बोट हाकतोय मी इथे. कुठला खडक भरतीत बुडतो आणि कुठला ओहोटीत दात दाखवतो, ते तुला ठाऊक आहे का?

लितिआना : नाही. म्हणून तर मला ती किल्ली नकोय. पण तुझ्या वतीने तिथे तोंड मला उघडायचंय. तुला नुसती मान खाली घालून बसायचंय, आणि ते काम तुझ्या बायकोपुढे तू रोज करतोसच. तर सांग, शंख का फुंकलास?

आपेनिसा : एकदाच फुंकायचा होता गं. आजोबांचा शंख, वीस वर्षं पेटीत पडलेला. पहिला फुसका गेला. दुसरा अर्ध्यातच बसला. तिसरा मात्र झकास लागला! आता फुसके काय मोजायचे?

लितिआना : गावानं मोजले ना. बरं, एकदा वाजला म्हणजे मासळी आली. मासळी आणलीस?

आपेनिसा : नाही. पिठाची दोन पोती आणली. आणि नर्सबाई.

लितिआना : तिचं तर विचारूच नकोस. एवढे लोक रडताना बघून बिचारीनं वाळूतच पिशवी उघडली, "रोगी कुठाय, रोगी कुठाय?" करत. आम्ही सरदारांकडे बोट दाखवलं. तिनं त्यांची नाडी बघितली!

आपेनिसा : अगं आई गं.

लितिआना : आता कारण सांग. बोट आवडत नाही, हेच ना? दोन महिने बघतेय. तिचं नाव निघालं की तुझं तोंड कडू काकडी खाल्ल्यासारखं होतं.

आपेनिसा : मुकी आहे ती.

लितिआना : मुकी आहे, पण कामाची आहे! विसरलास? पेट्रोलचं जहाज आलं नाही की आठ-आठ दिवस पोरं घरी. निम्मी भाडी त्या पिंपांतच जायची. आता या शेडच्या छपरावरच्या सोलरवर ऊन पडतं, आणि त्या उन्हावर पोरं शाळेत जाऊन येतात. पलीकडच्या तीन गावांनी अर्ज केलेत, आम्हालाही असलीच बोट द्या म्हणून. सुवात माझा भाचा विजेची टॅक्सी चालवतो. आणि तू, ज्याला सगळ्यांत आधी मिळाली, तो नाकं मुरडतोस?

आपेनिसा : कोण नाकं मुरडतंय? चांगली आहे ती. फार चांगली आहे. तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. टोकाच्या खडकापाशी पाखरांची वस्ती आहे. तीस वर्षं तिथून रोज गेलो, पण त्यांचा आवाज मी पहिल्यांदा या बोटीत बसून ऐकला. इंजिनाचे हादरे हाताला बसत नाहीत. अंगाला पेट्रोलचा वास येत नाही. लितिआना, किल्ली गेली ना, तर मी काय करू? मला सोडायची नाहीये ती.

लितिआना : अरे, मग घोडं अडलं कुठे?

आपेनिसा : जाऊ दे. तू हसशील.

लितिआना : आपेनिसा, तू माझा मामेभाऊ. तुझी टिंगल करायचा हक्क मला जन्मापासून आहे, आणि ती मी मरेपर्यंत करीन. पण आत्ता करत नाहीये. बोल.

आपेनिसा : वासितीमुळे.

लितिआना : वहिनीमुळे? तिनं काय केलं?

आपेनिसा : काही नाही केलं, तेच तर. ते साल आठवतं ना, इंजिन बंद पडून मी दोन दिवस वाहत गेलो होतो?

लितिआना : न आठवायला काय झालं? चर्चमध्ये तुझ्यासाठी गाणी म्हणून माझा घसा बसला होता.

आपेनिसा : तेव्हापासून तिचा एकच नियम. मी टोकाला वळलो की जुन्या इंजिनचा आवाज घरापर्यंत जायचा. तो ऐकला की ती चूल पेटवायची. त्याआधी काडी ओढायची नाही. मी घरी पोचेपर्यंत कसाव्याचा कंद शिजलेला असायचा. आता ही बोट कधी येते, कुणाला कळतच नाही. म्हणून बाई दुपारपासून वाळूवर येऊन उभी राहते. रोज. उन्हात.

लितिआना : पण ती तर म्हणते, शिंपले वेचायला जाते.

आपेनिसा : त्या किनाऱ्यावर शिंपले कधी बघितलेस तू? टोपली रिकामी असते. मी बघितलंय. तिला वाटतं मला कळत नाही.

लितिआना : तिला सांगायचं ना, की ही बोट भरवशाची आहे.

आपेनिसा : सांगितलं. "हो" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी परत उभी. तिचे गुडघे दुखतात गं. म्हणून म्हटलं, टोकाला वळलो की शंख फुंकू. तिला ऐकू जाईल. बाकी गावाचा विचारच डोक्यात आला नाही.

लितिआना : गाढवा! हे आधी सांगायला काय झालं होतं? चल, ऊठ. सरदारांना हेच सांगते मी.

आपेनिसा : नको! सगळ्या गावापुढे? साठीचा बाप्या बायकोसाठी शंख फुंकतो म्हणून? पोरं मला बोटीत बसू देणार नाहीत.

लितिआना : मग किल्ली दे इकडे.

आपेनिसा : थांब जरा. विचार करू दे.

(वासिती शेडच्या दारात येते. हातात केळीच्या पानानं झाकलेली टोपली.)

वासिती : विचार कसला करताय, सेराचे बाबा? सरदारांकडे मी जाऊन आले.

लितिआना : वहिनी! यंगोना न घेता?

वासिती : कसावा घेऊन गेले. त्यांनीच हाक मारली होती. विचारत होते, "माझ्या मरणावर अख्खं गाव रडत आलं, एक तूच नाही आलीस. तुला माझं काहीच नाही का?"

आपेनिसा : तू नव्हतीस किनाऱ्यावर?

वासिती : तुम्हाला दिसले का मी?

आपेनिसा : त्या गोंधळात... नाही. तू सरदारांना काय सांगितलंस?

वासिती : जे होतं ते. पहिला फुसका गेला, दुसरा अर्ध्यात बसला. म्हटलं, सरदारांसाठी इतकं वाईट कुणी फुंकणार नाही. हे आमचंच माणूस, टोकाला वळलं. आणि वाळूवरून घरी जाऊन चूल पेटवली.

लितिआना : आणि ते? रागावले?

वासिती : हसून हसून ठसका लागला त्यांना. नर्सबाई परत धावली. म्हणाले, यंगोना आणायचीच, त्यात सूट नाही. किल्ली आपेनिसाकडेच राहू दे. शंख रोज वाजवायचा, पण एकदाच. आणि नीट वाजेपर्यंत सराव डोंगरापलीकडच्या मळ्यात जाऊन करायचा.

लितिआना : चला! माझं भाषण वाया गेलं.

आपेनिसा : सेराची आई...

वासिती : काय?

आपेनिसा : काही नाही. टोपलीत काय आहे?

वासिती : कसावा. खाऊन घ्या आधी, अजून गरम आहे.