मशीनवर आबांची घोंगडी

मी मशीन बिघडवलं म्हणं! पुण्यात मोबाइलवर मशीन बंद दिसलं की मला शिव्या द्यायला काय जातंय त्या संजयचं?

तू चहा घे रफिक, सांगतो. आबांचं गुडघं धरल्यात, डॉक्टर म्हणला कोमट पाण्यात चालवा. म्हणून संजयनं वरवंडच्या मळ्यात बापासाठी पोहायचा हौद बांधला, पाणी तापवायला हीट पंप बसवला. देखभाल माझ्याकडं. पावसाळाभर मशीन बंद, तवा मीच ताडपत्रीनं झाकलं. थंडी पडली तशी ताडपत्री काढली, जाळी धुतली आन् चालू केलं.

काल सकाळी बघतो तर पाणी गारढोण. मशीनवर आबांची घोंगडी, सुतळीनं गच्च आवळलेली! चालू मशीनला हवा लागती, कोंडल्यावर बंद पडणारच.

मी तापलो. "आबा, ह्ये काय केलं?"

"आरं, हात लावून बघ. गार वारं टाकतंय. थंडीनं कुडकुडतंय ते."

"मशीन हाय ते, आबा! पाणी तापवताना गारच वारं सोडतं!"

"आसंल. पण पोरानं धाडलंय. त्याला काय झालं तर पोराला काय सांगू?"

मी सुतळी कापली. घोंगडी सोडली, मशीन चालू झालं. आबा तिथंच नुसत्या सदऱ्यावर हुबं. हौद बांधल्यापासून संजय एकदा बी आला न्हाई.

तू त्याच्या वर्गातला ना? मग लाव फोन. म्हणावं, मशीन बरं हाय, बापाला बघायला ये. आत्ता लाव, माझ्यासमोर.