मुनीमजीची मोटर कोणी बंद करू नका

इथले, मुर्री गावातले शेजारी, मिलमधली मंडळी, दरेकशावरून सकाळच्या गाडीने आलेले आमचे सोयरे, आणि निर्मला वहिनी. तुम्ही सगळे आलात. घरात जागा नाही म्हणून काही जण अंगणात उभे आहात. दादाला हे आवडलं असतं, त्याला घरात माणसं लागायची.

मी शकुंतला, हिवराज दादाची धाकटी बहीण. मला बोल म्हटलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. सख्ख्या भावाच्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून काय बोलायचं?  आणि खरं सांगते, आज मला रडू कमी आणि राग जास्त येऊन राहिला आहे. राग तुमच्यावर आहे, आणि त्याच्यावरही आहे. आधी त्याच्यावरचा सांगते, कारण तो मोठा.

त्याआधी एक काम करा. हा फोटो तुम्ही मासोळ्यांच्या टाकीवर ठेवला आहे, आणि हाराच्या पाकळ्या पाण्यात पडून राहिल्या आहेत. कोणीतरी हार जरा मागे घ्या. हां, तसा. आभारी आहे.

तर दादा. सगळ्यांना ठाऊक आहे, राईस मिलमध्ये त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. पट्टा तुटो, बेअरिंग जळो, हिवराज मिस्त्रीला बोलवा. मशीनचा आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. पण अशा माणसाचा एक त्रास असतो. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट राईस मिल वाटते.

गोंदियाला आमचं मासोळ्यांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना हेच सांगत असते की कोणत्या टाकीला केवढा फिल्टर लावायचा. लोक ऐकतात. अनोळखी लोक ऐकतात. ऐकलं नाही ते फक्त माझ्या भावाने. लेक सासरी गेली, घर रिकामं झालं, म्हणून ही टाकी मीच त्याला दिली होती. सोबत एक छोटा स्पंजचा फिल्टर दिला. बुडबुडे सोडतो, हळूहळू पाणी ओढतो, तेवढाच. दादाने तो बघितला आणि म्हणाला, "बाई, हे खोकलून राहिलं का काम करून राहिलं?"

आणि मग त्याने काय केलं, माहीत आहे? उन्हाळा संपला होता, कुलर माळ्यावर गेला होता, कुलरची पाणी चढवायची मोटर रिकामी होती. ती त्याने टाकीत सोडली. मी आले तेव्हा मासोळ्या टाकीत गोल गोल फिरत होत्या, आणि हा खुर्चीवर बसून मला म्हणतो, बघ, किती खूश आहेत. दादा, त्या खूश नव्हत्या रे. त्यांना थांबताच येत नव्हतं.

मी समजावलं. किती वेळा समजावलं. पाणी साफ व्हायला फिरलं पाहिजे, हे खरं. पण मासोळीला त्याच पाण्यात राहायचं आहे, झोपायचं आहे. तो म्हणायचा, मिलमध्ये ब्लोअर कमी पडला की कोंडा राहतो. मी म्हणायचे, दादा, या मासोळ्या आहेत, धान नाही. एक दिवस चिडून मी विचारलं, "पॉलिश जास्त केली तर तांदूळ तुटत नाही का? कणी होत नाही का?" तेव्हा त्याने मान डोलावली. मला वाटलं, समजलं. काही समजलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो नागपूरला गेला आणि याच्या दुप्पट टाकीला लागतो एवढा फिल्टर घेऊन आला. बहिणीचं दुकान गोंदियात असताना. तोच हा, मागे घुरघुर करून राहिला आहे.

बाकीच्या एकेक करून गेल्या, आता या टाकीत एकच मासोळी उरली आहे. पुढे बसलेल्यांना दिसत असेल. पोट सुटलेला, लांब शेपटीचा गोल्डफिश. दादाने त्याचं नाव मुनीमजी ठेवलं, कारण गादीवर बसलेल्या मुनीमासारखा तो एका जागी बसतो आणि खात राहतो. आता माझी अडचण ऐका. हा गोल्डफिश घाण फार करतो, म्हणून त्याला फिल्टर मोठा लागतो. आणि याला नीट पोहता येत नाही, म्हणून त्याला धार हळू लागते. दोन्ही पाहिजे. मी दादाला सांगितलं, हा मोठा फिल्टर आणलाच आहेस तर राहू दे, पण जिथून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांध, म्हणजे धार मोडेल. एवढंच. राखीच्या दिवशी सांगितलं, इथेच, या दिवाणावर बसून.

तो हसला. साऱ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "काऊन, दुकानातला स्पंज खपत नाही का?"

मला राग आला. त्या दिवसापासून मी टाकीचा विषय काढला नाही. येत होते, चहा पीत होते, टाकीकडे पाठ करून बसत होते. त्यानेही विषय काढला नाही. आणि मग एका सकाळी मिलमध्ये छातीत दुखलं, आणि दवाखान्यात पोहोचायच्या आधीच सगळं संपलं. आता कोणाशी भांडू?

तुमच्याशी भांडते. कारण दादा गेल्यापासून तुम्ही या टाकीचं जे केलं, ते त्यानेही केलं नव्हतं.

भजनाला आवाजाचा त्रास होतो म्हणून कोणीतरी फिल्टरची मोटर बंद केली, आणि भजन संपल्यावर चालू करायची आठवण सकाळपर्यंत कोणालाच राहिली नाही. वरच्या आळीतल्या बायांनी, हो, तुम्हीच, नजर कशाला वळवता, फिल्टर काढून आतला स्पंज साबणाच्या पावडरने धुतला. प्रेमाने धुतला, मला माहीत आहे. पण त्या मळक्या स्पंजातच पाणी राखणारे जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मासोळीची घाण तेच पचवतात. ते तुम्ही नळाखाली वाहून टाकले. आणि मोठे काका, तुमचा मान ठेवून सांगते. पिंडाला कावळा शिवेना, सगळे ताटकळून बसले, मग तुम्ही घरी येऊन वाटीभर भात या टाकीत सोडला. कावळा नाही तर मासोळी, जीव तर आहेच, असं तुम्ही म्हणालात. काका, मुनीमजीने तो सगळा भात खाल्ला. त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. उरलेला तळाशी कुजला.

परवा वहिनीचा फोन आला. वहिनी कधी स्वतःहून फोन करत नाही. म्हणाली, "मुनीम एका कोपऱ्यात चिपकून राहिला आहे, येतेस का?"

मी आले. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं होतं. मुनीमजी काचेला दाबला गेला होता, धार त्याला हलू देत नव्हती. मला कळेना. फिल्टर तोच, टाकी तीच, इतके महिने हा मासा या धारेत जगला कसा? मी विचारलं, इथून काही काढलं का कोणी? मोठे काका म्हणाले, हो, तोंडाला एक काळं बोचकं बांधलेलं होतं, घाण दिसत होतं, मीच काढून फेकलं.

मी अंगणातल्या कचऱ्यात हात घातला. बायांनो, तुम्ही बघत होता, वेड लागलं म्हणाला असाल. ते बोचकं सापडलं. स्पंजचा तुकडा होता. माझ्याच दुकानातला, वरून मळाने काळा, आतून निळा; तो निळा मीच विकते. आणि त्याला गुंडाळून बांधलेला दोरा राखीचा होता. माझ्या राखीचा.

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "त्याच रातच्याला बांधला त्यायनं. कोण्या पोट्ट्याले पाठवून तुह्या दुकानातून आणला. म्हणे, बाईले सांगू नोको."

सांगू नोको. ऐकलंत? इतके महिने मी या टाकीकडे पाठ करून बसले, आणि तिच्या आत माझंच म्हणणं बांधलेलं होतं. एकदा मान वळवून बघितलं असतं तर दिसलं असतं. आणि त्याला तोंड उघडायला काय झालं होतं? धाकट्या बहिणीचं ऐकलं असं म्हटलं असतं तर याची मिस्त्रीगिरी कमी झाली असती का? आणि बांधायला सापडलं काय, तर राखीचा दोरा. दादा, त्याचा रंग पाण्यात उतरतो. रंग सुटणारी वस्तू टाकीत घालायची नाही, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरात सुतळी नव्हती का?

माफ करा. जरा पाणी द्या.

तर आता मुद्द्याचं. काल रात्री जेवताना असं ठरलं म्हणे की ही सभा झाली की मुनीमजीला तलावात सोडायचं. दादाच्या नावाने पुण्य लागेल. वहिनीला त्रास नको. वहिनीला कोणी विचारलं? मी विचारलं. ती टाकीजवळची खुर्ची सोडून उठली नाही. आजही तिथेच बसली आहे. बघून घ्या. तलावात हा एक दिवस टिकणार नाही, आणि तुम्ही सगळे आपापल्या गाड्यांनी गेलात की या घरात वहिनीसोबत हलणारं, आवाज करणारं एवढंच उरणार आहे. मुनीमजी कुठे जाणार नाही. ज्याला पुण्य पाहिजे त्याने दुसरं काही शोधावं.

माझ्या दुकानातल्या जुन्या टाकीतला मळलेला स्पंज मी आणून या फिल्टरात घातला आहे. पाणी थोडं थोडं बदलून राहिले आहे. धारेच्या तोंडाला तुकडा परत बांधला आहे, या वेळी साध्या नायलॉनच्या दोरीने. दोरा धुऊन वहिनीने ठेवून घेतला. मुनीमजी सकाळी तळाशी होता, आता अर्ध्यावर आला आहे. जगेल असं वाटतं. आजपासून त्याला वहिनीशिवाय कोणी काही खाऊ घालणार नाही. मोठे काका, तुम्हीही नाही.

मला आणखी काही बोलायचं नाही. दादाला जे सांगायचं होतं ते भांडूनच सांगायचं होतं, आणि तो आता भांडायला नाही. आपण सगळे उभे राहू आणि थोडा वेळ काही न बोलता त्याची आठवण करू. पंखे बंद करा, मोबाईल बंद करा. भिंतीजवळचे भाऊ, तुमचा हात त्या बटणावर आहे, तो काढा. मोटर चालू राहू द्या. तिचा आवाज येईल, येऊ द्या. त्याला मशीनचा आवाज ऐकून कळायचं की सगळं ठीक चाललं आहे.