अभ्यासक्रम संपूर्ण

(सोलापुरातल्या एका शाळेचे कार्यालय. मराठीचे शिक्षक सिद्धलिंग, तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या डॉ. शुभदा आणि संगमेशची आई नागूबाई. संगमेश बाहेर बाकावर.)

शुभदा : ...तर शाळेचा दावा असा : ‘सातवीचा मराठीचा अभ्यासक्रम संपूर्ण शिकवूनही कुमार संगमेश यास भाषेचे आकलन झालेले नाही. सबब तो मतिमंद असून त्यास विशेष शाळेत पाठवावे.’ हे तुम्हीच लिहिलंत ना, सर?

सिद्धलिंग : हो मॅडम. तुमची सही झाली की प्रस्ताव आजच जाईल.

शुभदा : ‘अभ्यासक्रम संपूर्ण’ म्हणजे नेमकं काय झालं?

सिद्धलिंग : सगळे पाठ, कविता, व्याकरण. फेब्रुवारीतच उरकलं.

शुभदा : त्याला पाठ्यक्रम म्हणतात. कोणत्या महिन्यात काय उरकायचं, एवढंच तो सांगतो. कशासाठी, हे अभ्यासक्रम सांगतो. मुलानं ऐकावं, विचारावं, स्वतःचं म्हणणं मांडावं. घरून दुसरी भाषा घेऊन आलेल्याला तिचाच हात धरून मराठीत आणावं. हे पहिल्याच पानावर छापलंय. तुमच्या प्रतीत ते पान फाटलं होतं का?

सिद्धलिंग : तपासणीला साहेब येतात ते पाठ मोजतात, मॅडम. पहिलं पान कुणी विचारत नाही.

शुभदा : म्हणजे पाठ संपले, मुलगा मागे राहिला, म्हणून दोष मुलाच्या मेंदूत. तर्कशास्त्र हे मान्य करणार नाही. कार्यालय मात्र शिक्का मारून देईल.

नागूबाई : बाई, मधी बोलू का? माजं पोरगं येडं न्हाय. घरात लई बोलतंय. टीव्हीवरची बातमी बापाला कन्नडात फोडून सांगतंय.

शुभदा : शाळेत त्याच्याशी कन्नडमध्ये कुणी बोललं का?

सिद्धलिंग : इथं कन्नड येतं कुणाला?

नागूबाई : असं काय करताय सर? तुमची आई आन मी एकाच गावच्या की, अक्कलकोटाच्या खालच्या अंगाला. परवा दारात आईसंगं कंच्या भाषेत बोलत व्हता तुमी?

शुभदा : सर?

सिद्धलिंग : मी मराठीचा शिक्षक आहे, मॅडम. लहानपणी माझ्या बोलण्याला अख्खा वर्ग हसायचा. तो डाग धुवायला मला वीस वर्षं लागली.

शुभदा : आणि धुतलेलं पाणी या मुलावर ओतलंत. ‘वर्षभरात त्याने वर्गात एकदाही तोंड उघडले नाही’, हे प्रस्तावातलं तुमचं विधान. त्यावर त्याचं आयुष्य ठरणार आहे. कायम ठेवू?

नागूबाई : सांगा की सर. पोरगं भाईर बसलंय.

सिद्धलिंग : ...एकदा उघडलं होतं.

शुभदा : सावकाश सांगा. हा प्रस्ताव जाणार नाही. त्याच्या जागी तुमचंच म्हणणं जसंच्या तसं जाईल.

सिद्धलिंग : लिहा. ‘धड्यातल्या गोष्टीतली आई शेवटी गप्प का बसली, असं त्यानं मला कन्नडमध्ये विचारलं. वर्षभरात वर्गातून तेवढा एकच प्रश्न आला. मला तो कळला होता. मी न कळल्यासारखं केलं. दोन पाठ राहिले होते.’