फिरता डबा

आमच्या त्या लपवायच्या डब्याचं काय झालं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. खेळ साधा आहे. मोबाईलवर ठिकाण बघून डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा नव्या जागी लपवायचा. हा स्टीलचा डबा असा कोल्हापूरहून हातोहात नाशिकला माझ्याकडे आला. मी तो सुरगाण्याजवळ एका बांधावर दगडांच्या आड ठेवला.

आठवड्याने शोधायला गेलेल्या एकाचा फोन. "अहो, इथे डबाच नाहीये."

वहीत शंभरेक जणांची नावं, आणि हरवला माझ्या हातून. बायकोला घेऊन तडक गेलो. दगड उचलत बसलो होतो, तेवढ्यात जवळच्या घरातून एक मावशी आल्या.

"डबा पाहता का? मीच नेला. वाटलं, कोणी जेवणाचा इसरला."

"पण आत वही होती ना, मावशी. परत ठेवायचा."

"ठेवणारच व्हते. पण लोकाचा डबा रिकामा कसा ठेवू?"

उघडला, तर वहीवर नागलीचे पापड गच्च भरलेले.

घरी आल्यावर मी नवी जागा शोधायला लागलो, तर बायको म्हणाली, "आधी चिवडा भरून मावशींना देऊन या. मग लपवा कुठे लपवायचा तो." तो चिवडा संपल्यावर मावशींनी डबा भरून तांदूळ दिले.

याला आता वर्ष झालं. खेळातले लोक अजून फोन करून विचारतात, डबा कुठे आहे.

मी सांगतो, प्रवासात आहे.