खोडलेली नावे

मी भारत विठ्ठलराव ढोके, वय ६३, धंदा पूर्वी छपाई, आता काही नाही, राहणार नेर, जिल्हा यवतमाळ. ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील गावी एकटा राहतो. १९९६ ते २०१४ मी 'ख्यालीखुशाली' नावाचे चार पानांचे मासिक छापत होतो. ते पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांसाठी होते. त्यात कोर्टातल्या खटल्यांच्या बातम्या, भल्या डॉक्टरांचे पत्ते आणि वाचकांची पत्रे असत. वाचक दोनशे चौदा होते.

अंकाच्या पाकिटाचा कोपरा मी मयतीच्या पत्रासारखा फाडत असे. तसे पत्र कोणी घरात ठेवत नाही, वाचून लगेच फाडतात. कोण गेले असे घरच्यांनी विचारले तर वाचक म्हणत, दूरचा ओळखीचा.

ज्याला अंक नको होई तो मला तसेच कोपरा फाडलेले कार्ड पाठवी, की अमुक वारले. मी वहीत नाव खोडत असे. कारण विचारत नसे. बहुतेकांचे लग्न ठरलेले असे. खरोखर वारलेल्यांची कार्डेही तशीच येत.

मागच्या महिन्यात अमरावतीची पत्रकार अर्पिता आमच्या चळवळीचा इतिहास लिहायला आली. अंक कोणाकडेच उरला नव्हता. माझ्याकडे पत्त्यांची वही होती. तिला एका पानाचा फोटो हवा होता. मी सगळी नावे खोडलेले पान उघडून दिले. ती म्हणाली, "काका, नावं दिसून राह्यले ना." मी म्हणालो, "मेलेल्याले कायचं भेव?" लेखासोबत फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. चूक माझी आहे, तिची नाही.

त्या पानावर मारेगावचे निवृत्त मुख्याध्यापक भगवानराव यांचे नाव होते. ते वारल्याचे कार्ड मला २००३ साली आले होते. ते जिवंत आहेत. त्यांचा मुलगा नयन याने बदनामीची तक्रार दिली आहे.

भगवानराव आज ठाण्याच्या बाकावर बसलेले होते. पूर्वी आम्ही भेटत असू. केव्हा आणि कुठे, ते मला सांगायचे नाही. ते म्हणाले, "भारत, मी मेलो होतो ना बाबू. कायले उठवलं मले?" नयन म्हणाला, "बाबा, चूप बसा." ते चूप बसले.

तक्रारीवरून ठाण्याची नोटीस आली होती, तिच्याप्रमाणे वही हजर करायची होती. ती मी आज सकाळी आंघोळीचे पाणी तापवताना चुलीत घातली. दुसरी प्रत नाही. खोडलेली नावे एकशे सहा होती. त्यांतले मेलेले किती, हे मला सांगता येत नाही.

जमादार बाबूसिंग म्हणाले, "काकाजी, अठरा वर्षं हातानं पत्ते लिहिले तुम्ही. पाठ असतीन. सांगून टाका, नाहीतर पुरावा जाळल्याचं कलम लागते तुमच्यावर."

कलम लावावे. वहीतले मला एकच नाव आठवते, माझे. ते लिहून घ्यावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे.