आठवी कुठे गेली?

औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगेत शिंपीणबाईंच्या मागे दवाखान्याच्या आकडेवारी विभागातल्या दोघी उभ्या होत्या. धाकटी थोरलीला म्हणाली,

“ताई, तुम्ही पकडलंत म्हणून वाचले.”

“अगं, पण घोळ झाला कसा?”

“नव्या औषधाच्या चाचणीतून चौथी आणि सातवी अर्ध्यात सोडून गेल्या, म्हणून त्यांना यादीतून काढायचं होतं. प्रोग्रामला वजा चार सांगितलं, म्हणजे यादीतली चौथी ओळ काढ; चौथी गेली. मग वजा सात सांगितलं.”

“आणि तोवर मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे सरकल्या होत्या.”

“हो ना! सातवी राहिली आणि गेली आठवी. हातावर पुरळ उठलेली ती एकटीच.”

“म्हणून तर मी चमकले. निकालात पुरळ एकीलाही नाही? यापुढे दोघींना एकदमच वजा कर, बाई.”

“करीन. ती सापडली नसती, तर ते औषध सगळ्यांना चालूच राहिलं असतं हो.”

शिंपीणबाईंचा नंबर आला, पण त्या बाजूला सरल्या.

“पोरींनो, तुम्ही आधी घ्या.”

“अहो मावशी, नंबर तुमचा आहे.”

“असू दे गं,” म्हणत त्यांनी बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत पुरळाचे फिकट डाग होते. “आठवी मीच.”